साधंच आहे, बसा

“साधंच आहे, बसा,” असं आप्पा म्हणाले की मी मुकाट्याने घरी फोन लावतो आणि जेवायला माझी वाट पाहू नका म्हणून सांगतो.

अशी ‘साधं’ करणारी माणसं तुमच्याही शेजारी असतील. एरवी साखरेचा डबा कोणत्या फळीवर असतो हे त्यांना ठाऊक नसतं. पण रविवारी एखादा पदार्थ करायला घेतात तो असा, की घरात वास्तुशांत असावी.

आमचे आप्पा धुळ्याच्या देवपुरातले, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पदार्थ अंड्याचं सॅलड. स्थळ गच्ची. गच्ची अशासाठी, की आप्पांच्या आई माळकरी. वय चौऱ्याऐंशी, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या. त्यांचा एकच ठराव आहे : “आंडं घरमा नही.” आप्पांनी त्यात पळवाट शोधली. गच्ची म्हणजे घर नव्हे. तेव्हापासून पाण्याच्या टाकीखाली अंड्याचा स्टोव्ह, अंड्याचं पातेलं, अंड्याची सुरी आणि अंड्याचं मीठ असा निराळा संसार आहे. मीठ कशाला निराळं, असं मी एकदा विचारलं.

“साधं आहे. वर आलेलं मीठ खाली जाऊ शकत नाही.”

अंडं आठवड्याचं शिळं हवं. ताजं चालत नाही. दिवस जातील तसा आतला कर्बवायू टरफलाच्या छिद्रांतून निघून जातो आणि मग पांढरं आतल्या पापुद्र्याला धरून बसत नाही, सोलताना सुटं होतं. साधंच आहे. म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख. पण मे महिन्यात धुळ्याचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की आठवडाभर अंडं गच्चीवर कसं ठेवणार? फ्रिज तर खाली, म्हणजे घरात. यावर आप्पांनी काढलेला साधा उपाय म्हणजे माझा फ्रिज. आमच्या दुधाच्या पातेल्याशेजारी दुसऱ्याच्या घरची तारीखवार अंडी बघून माझी बायको मला काय म्हणते, ते इथे लिहीत नाही.

पाणी उकळलं की अंडी आत आणि मनगटावरचं एचएमटी डोळ्यांसमोर. दहा मिनिटं. अकरावं लागलं तर बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक भेटतात आणि बलकाभोवती हिरवट कडं धरतं. तसं कडं दिसलं की आप्पांचा चेहरा स्कॉलरशिपचा निकाल शून्य लागल्यासारखा होतो. मेयोनीज त्यांना चालत नाही. एकदा मीच बाटली नेली होती. त्यांनी चष्मा वर करून तिच्यावरचा हिरवा ठिपका दाखवला. “अंड्याच्या सॉसमध्ये अंडंच नाही! हे आईला द्या.” त्यांना लागतो चक्का, तोही रात्रभर कपडे वाळत घालायच्या दोरीवर टांगलेला.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे जळगावचे व्याही आले, तेव्हा नेमका हा घाट घातला होता. व्याह्यांनी बामणोदची हिरवी वांगी आणलेली. अंगणात कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली, सोलली, बडगीत ठेचली, भरताला फोडणी बसली, पुऱ्या तळून झाल्या, पंगत उठली. व्याही बडीशेप चघळत गच्चीवर आले तेव्हा आप्पा कांदा चिरत होते. “बसा, साधंच आहे.” व्याही खरंच बसले, आणि बसल्या बसल्या झोपले.

आता चवीचं. सॅलड बरं असतं. वहिनी जिन्यातून चोरून हिरव्या मिरचीचा ठेचा आणून देतात, तो घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्लं तर उत्तम असतं. पण मग ते सॅलड राहत नाही.

एका बुधवारी पहाटे माझ्या फ्रिजमधली अंडी न्यायला आप्पा आले. अख्खा ट्रे, तीस, सगळ्यांवर एकच तारीख. मी झोपेतच त्यांच्यामागे गच्चीवर गेलो. चक्का नव्हता, कांदा नव्हता.

“आज सॅलड नाही?”

“नाही. हे साधंच आहे.”

२०२३च्या नोव्हेंबरात सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्याला केळं. आप्पा तेव्हा साक्री तालुक्यात मुख्याध्यापक होते. त्यांची पोरं पहिल्या बुधवारी सोलता सोलता निम्मं पांढरं टरफलालाच देऊन बसली. मग शिळी अंडी, पेन्सिल, घड्याळ. २०२५च्या जानेवारीत सरकारने अंड्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून कळवलं. अधिवेशनातल्या एका दिवसाच्या चहापाण्यात किती अंडी बसली असती, हा हिशेब मी आप्पांना विचारला. ते घड्याळ बघत होते.

“लोकसहभाग म्हणजे कोण हो, आप्पा?”

“मी. आणि तुमचा फ्रिज.”

तीसपैकी एक फुटलं. ते त्यांनी अंड्याचं मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं. बाकीची पुसून डब्यात लावू लागले. साक्रीची पहिली एस.टी. गाठायची होती.

खालून जिन्याच्या तोंडाशी माळेचे मणी वाजले. आईंनी पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

“पोरेसना डबा भरा का रे?”