पस्तीस डॉलरची पाटी

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीला आला. किंमत 35 डॉलर. केंब्रिजमधल्या मंडळींना पोरांची काळजी लागली होती. कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी मुलं घटत चाललेली आणि येत होती त्यांनीही घरच्या यंत्राचं झाकण कधी उघडलेलं नाही. म्हणून धर्मादाय संस्था निघाली आणि जळला तरी आईबाप फार ओरडणार नाहीत अशा किमतीचा बोर्ड तयार झाला. पहिल्याच सकाळी विक्रेत्यांच्या वेबसाइट आडव्या झाल्या. मुहूर्तासाठी चार वर्षांतून एकदा उगवणारी तारीख निवडली, तेव्हाच गिऱ्हाइकांनी काय ते ओळखायला हवं होतं.

नोव्हेंबर 2015 मध्ये तर कमाल झाली. 5 डॉलरचा ‘झिरो’ आला, आणि संस्थेच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून चक्क फुकट वाटला. अंक हातोहात संपले. छापील मासिकासाठी तरुणांनी धावाधाव केल्याचं हे बहुधा शेवटचं उदाहरण.

मग 2021 साली चिपांचा दुष्काळ पडला. ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या कंपनीने पहिल्यांदाच किंमत वाढवली: 2 जीबीचा ‘पाय 4’ पस्तीसवरून 45 डॉलरवर. मात्र पस्तीसची पाटी काही उतरवली नाही. मागे सारलेलं 1 जीबीचं मॉडेल पुन्हा बाहेर काढून तिच्याखाली बसवलं. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांनाच मिळतो आणि आतली बिस्किटं तेवढी अंग चोरतात, ती ही विद्या. किंमत स्थिर ठेवल्याबद्दल टाळ्याही वाजवायच्या आणि मेमरी निम्मी झाल्याबद्दल बोलायचं नाही.

खरी गंमत रांगेत होती. माल कमी, मागणारे फार; मग आधी कोणाला द्यायचा? कंपनीने आडपडदा न ठेवता सांगितलं, आधी धंदेवाल्यांना. आमच्या बोर्डावर ज्यांचं उत्पादन चालतं, ज्यांच्याकडे कामगारांचे पगार अडकतात, त्यांना पहिला मान. युक्तिवादात खोट काढता येत नाही. फक्त एवढंच, की ज्या पोरासाठी सगळा खटाटोप मांडला त्याच्याकडे पगार द्यायला कोणी कामगार नव्हता. डिसेंबर 2022 मध्ये एकेक नग घेणाऱ्यांसाठी एक लाखाहून थोडे अधिक बोर्ड बाजूला काढले, तेव्हा हौशी मंडळी अशी गहिवरली की जणू रेशनवर साखर आली. कोणत्या दुकानात साठा आलाय हे मिनिटामिनिटाला सांगणारी वेबसाइट लोक उघडून बसायचे. दलालही तीच उघडून बसायचे, आणि त्यांचा हात जरा लवकर चालायचा. मग तोच बोर्ड दुप्पट-तिप्पट भावाने.

त्या काळात मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या काउंटरवर उभं राहायला हवं होतं. डिप्लोमाचा पोरगा विचारतो, “दादा, पाय फोर आहे?” दादा मान वर न करता म्हणतो, “किटमध्ये आहे.” किट म्हणजे बोर्ड, दोन पंखे, प्लास्टिकची डबी, एचडीएमआय वायर, चिकटवायचे हीटसिंक आणि एक स्क्रू-ड्रायव्हर, जो कोणत्याच स्क्रूला बसत नाही. “नुसता बोर्ड नाही का?” “नुसता कसा मिळेल?” पोरगा बापाला फोन लावतो. बाप पलीकडून विचारतो, एवढे पैसे देऊन स्क्रीन नाही? कीबोर्ड नाही? मग आहे काय त्यात? प्रश्न बिनतोड आहे.

आपल्याकडे तर पाटी डॉलरची आणि खिसा रुपयाचा. फेब्रुवारी 2012 मध्ये डॉलर 49 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे बोर्डाची मूळ किंमत सतराशेच्या घरात. 2025 संपता संपता डॉलरने नव्वदी ओलांडली. तेच 35 डॉलर एकतीसशेच्या वर गेले, त्यावर जीएसटी आणि आणणाऱ्याचा वाटा वेगळा. कंपनीने एक सेंटही वाढवला नसता तरी नागपूर-नाशिकच्या पोराला भाव जवळपास दुप्पटच पडला असता.

दुष्काळ सरला. सप्टेंबर 2023 मध्ये ‘पाय 5’ जाहीर झाला तो थेट 60 डॉलरपासून, पाटीकडे न बघता. जून 2024 मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, 280 पेन्सला एक शेअर. संस्थेला पैसा मिळाला, मुलांसाठीचं काम चालूच राहील असं सांगितलं गेलं. राहीलही. पण आता रांगेत भागधारक आले, आणि ते कोपराने ढकलतात.

इतक्यात तिसरा पाहुणा आला, एआय. त्याच्या डेटा सेंटरांना मेमरी एवढी लागते की चिपवाल्यांना किरकोळ गिऱ्हाईक नकोसं झालं. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये ‘क्रुशल’ हा आपला किरकोळ विक्रीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात 16 जीबीचा ‘पाय 5’ 120 वरून 145 डॉलरवर चढला. सोबत गरिबांसाठी 1 जीबीचा नवा ‘पाय 5’ आला, 45 डॉलरला. कविता करणाऱ्या यंत्राला मेमरी पुरावी म्हणून पोराच्या बोर्डात ती मोजून-मापून.

पण सगळं खापर केंब्रिजवर का फोडा? हौशी लोकांच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन पाय मोजे चढवून, म्हणजे अँटिस्टॅटिक पिशवीत, निजलेले असतातच. टंचाईत घेऊन ठेवले, कामाला कधी लागले नाहीत. आणि ज्यांना घरी छोटा सर्व्हर हवा असतो त्यांनी बोर्ड, अडॅप्टर, पंखा, डबी, कार्ड यांची बेरीज करून पाहावी. त्यात ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी येतो, डबीसकट.

बरं, दिवा लुकलुकवायला अख्खं लिनक्स लागत नाही. याच कंपनीचा ‘पिको’ जानेवारी 2021 मध्ये 4 डॉलरला आला. चिप घरची, मेमरी चिपच्या पोटातच, 264 किलोबाइट. बाहेरची रॅम लागतच नाही, त्यामुळे एआयने ती पळवण्याचा प्रश्नच नाही. हात पुढे आला की झाकण उघडणाऱ्या ‘स्मार्ट कचरापेटी’ला, जी दरवर्षी दर कॉलेजात नव्याने शोधली जाते, तो पुरून उरतो. पण पोराने पिको लावून कचरापेटी नेली की गाइड सर चष्म्यावरून बघतात: “एवढासाच? फायनल इयर आहे ना? किमान पाय तरी लावा हो, एक्स्टर्नल मार्क कापतील.”