लसूणकाका

आमच्या मजल्यावरच्या अण्णांना काम करण्यापेक्षा ते कसं करावं हे सांगण्यात जास्त रस. निवृत्तीपर्यंत हे वर्कशॉपमध्ये खपून गेलं. मग त्यांची नजर ओट्याकडे वळली.

काकू सूप घेऊन लसूण सोलत होत्या. गावरान लसूण, पाकळ्या तुरीच्या दाण्याएवढ्या. बूड नखाने चिमटायचं, साल उलटी ओढायची, ती अंगठ्याच्या नखात घुसली की हात झटकायचा. अण्णांनी घड्याळ लावलं. "अगं, पाकळीला अकरा सेकंद! गड्ड्याचा हिशेब कर."

"तुम्हीच करा," काकू म्हणाल्या. "आणि लसूणही."

प्रयोग सुरू झाले. कोमट पाण्यात भिजवला, साल सुटली. पण ओला लसूण फोडणीत पडला आणि तेल अण्णांच्या चष्म्यावर. मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद पुरतात. अण्णांनी दोन मिनिटं दिली. सुरीच्या पात्याने दाबल्यावर घरभर वास सुटला, तर ते थांबून मला समजावू लागले, "अख्ख्या पाकळीला वास नसतो रे. अ‍ॅलिईन आणि अ‍ॅलिनेज शेजारी राहतात, मध्ये भिंत. भिंत पडली की दोघं भिडतात, त्यातून अ‍ॅलिसिन!" आमच्या सोसायटीचा अनुभव बघता मला हे लगेच पटलं.

शेवटी डबा सापडला. उन्हात वाळवलेल्या सुट्या पाकळ्या, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही अर्धाच भरायचा, आणि अर्धं मिनिट जीव खाऊन खडखडाट. झाकण उघडलं तर टरफलं वेगळी, पाकळ्या वेगळ्या! होळीच्या सुमाराला येणारा नवा, ओला लसूण या डब्याला दाद देत नाही, साल अंगाला चिकटून बसते. पण एवढं सोडलं तर युक्ती पक्की. अण्णांनी जिन्यात उभं राहून चार मजल्यांना प्रात्यक्षिक दाखवलं.

तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात एक पोरगं, हातात पिशवी. "लसूणकाका, आईने पाव किलो दिलाय. संध्याकाळी न्यायला येतो." मग कुणाची चटणी, कुणाचं लोणचं, कुणाच्या घरी बारसं. (मीही अर्धा किलो दिला, खोटं कशाला बोलू.) दुपारी एक ते तीन डबा वाजतो. खालच्या मजल्याने झोपमोड होते म्हणून लेखी तक्रार केली, आणि त्याच पाकिटासोबत सहा गड्डे पाठवले.

परवा अण्णांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी विचारलं, "या वयात बोलिंग करता का?" अण्णांनी हो म्हणून टाकलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते डावा हात वर-खाली करून बघत होते. काकू आरामखुर्चीत, समोर मालिका, दोन्ही हात मोकळे. दाराशी कुणीतरी येऊन गेलं तसं त्यांनी मान न वळवता हाक दिली,

"अहो, तिसऱ्या मजल्याचे मटार आलेत. डब्यात घालून बघा म्हणतायत."