आखणीबहाद्दर

आखणीबहाद्दर सकाळी अभ्यासाला बसला की घरात मोठ्याने बोलायची सोय नसते. कुकरची तिसरी शिट्टीही आई जरा अपराधी चेहऱ्याने होऊ देते. बंद दाराआड मुलगा डेटाबेस शिकतोय असा तिचा समज. तो मात्र गूगल कॅलेंडरमध्ये डेटाबेसला कुठला रंग द्यावा, या विवंचनेत असतो. तिथल्या रंगांची नावंही टोमॅटो, बेसिल, पीकॉक, बनाना अशी. गेल्या आठवड्यात डेटाबेस टोमॅटो होता. पण लाल रंगाने ताण येतो असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. आता बेसिल.

ही जात टाळेबंदीच्या आधीही होतीच. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक आखून चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली जायची आणि दुसरं पान कोरं राहायचं. २०२० मध्ये वर्ग घरात आले आणि या कलेला दिवस आले. सध्या आपला बहाद्दर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि क्रेडिटसाठी एनपीटीईएल या ऑनलाइन मंचाचा १२ आठवड्यांचा कोर्स घरून करतो. कोर्सची रीत सरळ आहे. दर आठवड्याला व्हिडिओ आणि असाइनमेंट, मुदत रात्री ११.५९ची. १२ असाइनमेंटपैकी सर्वोत्तम ८ धरतात, त्यांना २५ टक्के. उरलेले ७५ टक्के शेवटच्या परीक्षेला. म्हणजे चार बुडाल्या तरी निभावतं. ही मुभा तापासाठी, घरच्या लग्नकार्यासाठी असावी. त्याने ती पहिल्याच महिन्यात ‘सेटअप’वर खर्च करून टाकली.

सेटअप बघण्यासारखा आहे, हे मान्य केलं पाहिजे. नोशन या ॲपमध्ये प्रत्येक आठवड्याचं वेगळं पान, पानाला चिन्ह, वर पावसाळी खिडकीचा फोटो, बाजूला प्रगतीची पट्टी. व्हिडिओ, असाइनमेंट, उजळणी, शंका असे रकाने. शंकांचा रकाना रिकामा आहे, कारण शंका यायला आधी व्हिडिओ बघावा लागतो.

वेळेच्या शिस्तीसाठी पोमोडोरो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर-घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. एवढ्याशा पद्धतीसाठी बहाद्दराने चार ॲप उतरवून घेतली, त्यांचा तुलनात्मक तक्ता केला आणि घंटेचा आवाज निवडण्यात दोन फेऱ्या घालवल्या. पाच मिनिटांची विश्रांती मात्र तो तत्त्वनिष्ठेने घेतो. तिला टायमर लावत नाही.

मग फॉरेस्ट. या ॲपमध्ये आपण एक बी लावायचं आणि फोन बाजूला ठेवायचा. ठरलेल्या वेळेआधी ॲप सोडून गेलात तर रोपटं वाळतं. साठलेल्या नाण्यांतून खरी झाडं लावायचीही सोय आहे. बहाद्दराचं रान घनदाट आहे, एकही झाड वाळलेलं नाही. झाड वाढत असताना तो रील्स आईच्या फोनवर बघतो.

“अरे, माझी बॅटरी कशी काय उतरते रे?” आई विचारते.

“जुना झालाय गं फोन.”

लॅपटॉपवर पहारा स्टेफोकस्डचा आहे. मन विचलित करणाऱ्या साइट ते बंद करतं, आणि आपण घातलेले निर्बंध सैल करायचे तर आधी एक भलामोठा परिच्छेद एकही चूक न करता टाइप करायची अट घालता येते. चुकलात की पुन्हा पहिल्यापासून. माणूस कंटाळून अभ्यासाला लागावा, ही त्यामागची कल्पना. बहाद्दर तो परिच्छेद मान खाली घालून, ओठ आवळून, स्वल्पविरामासकट पुरा करतो. दिवसभरात त्याची इतकी एकाग्रता दुसऱ्या कशालाच मिळत नाही.

या सगळ्या ॲपपैकी अँकी तरी त्याने मनापासून वापरायला हवं होतं. विसरण्याचा हिशेब हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडला होता. विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवलं की गोष्ट पक्की बसते, या तत्त्वावर २००६ पासून हे फुकट ॲप कार्डं समोर आणतं. मेडिकलची मुलं त्यावर वर्षं काढतात. अट एकच, रोज उघडायचं. चार दिवस दांडी मारली की तुंबलेल्या कार्डांचा आकडा अंगावर येतो. असा आकडा दिसला की बहाद्दर जुना संच पुसून नव्या नावाने नवा काढतो. त्याच्या मते ही नवी सुरुवात.

एरवी मुलगा मनाचा उदार. त्याचं नोशनचं टेम्प्लेट निम्म्या वर्गाकडे आहे. मागच्या बाकावरच्या एका मैत्रिणीने त्यात निमूटपणे व्हिडिओ बघून टिपणं भरली आणि बाराही असाइनमेंट वेळेत दिल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने तिलाच मेसेज टाकला, “सातव्या आठवड्याच्या नोट्स असतील तर पाठव ना.”

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. तीन तास, समोर संगणक, वर पर्यवेक्षक, फोन बाहेरच्या पिशवीत. बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, “कसा गेला पेपर?” बहाद्दर खरोखर हळहळत होता. सलग तीन तास त्याने फोनला हात लावला नव्हता, आणि फॉरेस्ट सुरू करून ठेवायला विसरला होता.