दौरा अंदमानचा : कामात कसूर न करता बेट पाहण्याची रीत

कामासाठी परगावी जायचं आणि तिथलं काहीही न पाहता परत यायचं, ही कला आमच्या आपटा गावाने फार जवळून पाहिली आहे. आमच्या स्टेशनावर सिनेमावाले येतात. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटी ती गाडी सुटते आणि दारातून हात पुढे होतो, तो फलाट आपट्याचा. सिनेमात मात्र तो पंजाब. युनिट येतं, जनरेटर लावतं, दिवसभर ‘शांत राहा’ म्हणून ओरडतं, पंगतीला बसतं आणि निघून जातं. कर्नाळ्याचा सुळका जवळ आहे, त्याच्या पायथ्याशी बारा चौरस किलोमीटरचं पक्षी अभयारण्य आहे, पाताळगंगा तर गावाशेजारून वाहते. कुणी मान वळवून पाहत नाही. असा माणूस कामाचा पक्का असेल, पण दौऱ्याचा कच्चा.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन. आपटा, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यातल्या कारखान्यांतून फिटर, इलेक्ट्रिशियन, सर्व्हिस इंजिनिअर अशी मंडळी अधूनमधून अंदमानला धाडली जातात. अंदमानातली बरीचशी वीज अजून डिझेल जनरेटरवर निघते, आणि यंत्र म्हटलं की ते बिघडणारच. बिघडलं की मुख्य भूमीवरून माणूस बोलवावा लागतो. तो माणूस तुम्ही असाल तर पुढे वाचा. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी किरकोळ फेरफार करून वापरण्यास हरकत नाही. मालदीवला जाणाऱ्यांना मार्गदर्शनाची नव्हे, नशिबाची साथ आहे. त्यांनी उगाच इथे वेळ घालवू नये.

निघण्यापूर्वी

दौऱ्याची बातमी प्रथम घरी सांगावी, पण कपाळाला आठी घालून. ‘अंदमानला पाठवताहेत’ हे वाक्य ‘काळ्या पाण्यावर पाठवताहेत’ अशा सुरात उच्चारावं. आनंद दिसला की घरातून ‘आम्ही पण येतो’ सुरू होतं आणि कंपनीत ‘दुसऱ्याला पाठवू’ सुरू होतं. दोन्ही घातक.

पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर हे सगळं मोठ्या बॅगेत टाकून विमानाच्या पोटात द्यावं. हातातल्या बॅगेत ठेवलंत तर सुरक्षेचा जवान ते काढून घेईल, आणि तिथे पोचल्यावर यंत्र तुमच्याकडे आणि तुम्ही यंत्राकडे नुसते पाहत बसाल. पोहायची चड्डी मात्र हातातल्या बॅगेतच, ड्रॉइंगच्या गुंडाळीत. मोठी बॅग कधी मागे राहील सांगता येत नाही. पाने एक वेळ उसने मागता येतील. चड्डी उसनी मागता येत नाही.

मुहूर्ताचंही बघावं. नैऋत्य मोसमी पाऊस दक्षिण अंदमानात साधारण २२ मेला पोचतो, मुंबईत ११ जूनच्या आसपास. म्हणजे मेअखेर गेलेला माणूस पावसाला तिथे जाऊन भेटतो, घरी येतो, छत्री वाळत घालतो, आणि पंधरा दिवसांनी तोच पाऊस पुन्हा दारात. यंत्र मेअखेर बिघडलं तर ते पावसाळा सरेपर्यंत कसंबसं चालेल का, असं फोनवर विचारू नये. तो बेइमानपणा होईल. डिसेंबरात बिघडलं तर देवाचे आभार मानावेत, इतकंच.

सूर्याची हजेरी

या दौऱ्याचं खरं शास्त्र इथे आहे. नवशिके इथेच फसतात.

आपटा साधारण ७३ रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर पावणेत्र्याण्णववर. शाळेत शिकवल्याप्रमाणे एका अंशाला चार मिनिटं धरली, तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाने पुढे धावतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे घड्याळ मिर्झापूरचं आणि सूर्य ब्रह्मदेशचा, अशी तिथली व्यवस्था. डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य समुद्रात जातो. तुम्ही पाचला हात धुऊन, घाम पुसून, ‘चला आता जरा फिरू’ म्हणत पॉवरहाऊसच्या फाटकाबाहेर येता, तेव्हा बेट संपलेलं असतं. समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. आठवडाभर असं करून परतलेले लोक अंदमानचं वर्णन ‘दमट’ एवढ्या एकाच शब्दात करतात.

यावर उपाय एकच, पहाट. जो सूर्य लवकर जातो तो लवकर येतोही. उन्हाळ्यात पाचला चक्क उजाडलेलं असतं. दिवा-रोहा गाडी पकडण्यात हयात गेलेल्या माणसाला पाचला उठायला काय होतंय? पोर्ट ब्लेअरजवळचा कॉर्बिन्स कोव्हचा किनारा गाठावा, गुडघाभर पाण्यात उभं राहावं आणि साडेआठला कामावर हजर व्हावं. सेफ्टी शूजमधली वाळू मात्र लॉजवरच झाडून यावं. पॉवरहाऊसच्या फरशीवर ती सांडली की खुलासा करता करता नाकीनऊ येतात.

सूर्यास्तच पाहायचा हट्ट असेल तर त्यासाठी चिडिया टापू आहे, बेटाच्या दक्षिण टोकाला. पण तिथे वेळेत पोचायचं म्हणजे काम तीनला संपायला हवं. आणि काम तीनला फक्त एकाच कारणाने संपतं.

‘पार्ट जहाजात आहे’

मराठी कामगाराच्या वाट्याला आलेल्या वाक्यांत हे सर्वांत मौल्यवान. यंत्र उघडलं, बेअरिंग गेलेलं निघालं, बेटावर ते मिळत नाही, चेन्नईहून मागवलं. जड माल जहाजानेच येतो आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात, तेही समुद्राची मर्जी असेल तर.

‘काय रे, झालं का काम?’

‘साहेब, पार्ट जहाजात आहे.’

‘मग तू काय करतोयस?’

‘वाट बघतोय, साहेब.’

यात एक अक्षर खोटं नाही, हे त्याचं सौंदर्य. खोटं बोलून मिळवलेली फुरसत समुद्रकिनारी बोचत राहते. जहाजाने दिलेली फुरसत बोचत नाही. वाट कुठे उभं राहून बघायची, याचा कंपनीच्या नियमावलीत उल्लेख नाही. जेट्टीवर उभं राहून बघितली तर ती अधिकच कर्तव्यदक्ष ठरते.

‘साहेब, नेटवर्क नव्हतं’ हे जुनं अस्त्र मात्र आता विसरावं. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरला तर आलीच, पण हॅवलॉक बेटापासून थेट ग्रेट निकोबारपर्यंत गेली. त्याआधी उपग्रहाच्या भरवशावर असलेल्या इंटरनेटने कित्येक दौऱ्यांचं रक्षण केलं. आता साहेब व्हिडिओ कॉल करतात. कॉल आला की पाठ भिंतीला लावावी. माड दिसता कामा नये. भिंत नसेल तर बोटीची बाजू चालते, ती रंगवलेली आणि गंजलेली असल्याने कारखान्यासारखीच दिसते.

काय पाहावं

चॅथमची सरकारी आरागिरणी पहिली. १८८३ सालची आहे, पुलाने जोडलेल्या चिमुकल्या बेटावर आहे, आणि आत दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बचा खड्डा जपून ठेवलाय. पण तिचा खरा मोठेपणा वेगळाच. अंदमानातलं हे एकमेव प्रेक्षणीय स्थळ दौऱ्याच्या अहवालात उजळ माथ्याने लिहिता येतं : ‘जुन्या यंत्रसामग्रीची पाहणी केली.’

दुसरं, माउंट हॅरिएट. २०२१पासून त्याचं नाव माउंट मणिपूर. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेच्या मागे माडांचं आणि समुद्राचं जे चित्र होतं, ते इथून दिसणाऱ्या नॉर्थ बेचं. घरी डब्यात तशी एखादी नोट पडली असेल तर सोबत न्यावी, समोर धरावी, दृश्याशी ताडून पाहावी. हे चलनाची सत्यता तपासण्याचं काम आहे, सहल नव्हे.

सेल्युलर जेलची गोष्ट निराळी. तिथे युक्त्या चालवू नयेत, लागतही नाहीत. ‘साहेब, सावरकरांची कोठडी बघून येतो’ असं सरळ सांगावं. याला नाही म्हणणारा मराठी साहेब अजून जन्मायचा आहे. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत हा तुरुंग बांधला गेला. मधल्या मनोऱ्याभोवती सात लांबलचक इमारती होत्या, त्यांतल्या तीन उरल्यात. १९११ साली विनायकराव तिथे पोचले तेव्हा थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथेच शिक्षा भोगत होते. दिवसा कोठडी बघावी आणि अंधार पडल्यावर ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम. त्यात आवारातला पिंपळ गोष्ट सांगतो. पाचला काळोख करणाऱ्या सूर्याने नोकरदारावर केलेला हा एकमेव उपकार.

आपल्या बाजूच्या लोकांना एक खोड असते. गाइडने क्रांतिकारकांची नावं घेतली की मागून आवाज येतो, ‘आमचे वासुदेव बळवंत फडके पण इथेच होते.’ नव्हते. फडके आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे, पण त्यांना पाठवलं एडनला आणि तिथेच १८८३ साली ते वारले. या तुरुंगाची पहिली वीट तेव्हा रचलीही गेली नव्हती. तालुक्याचा अभिमान बाळगावा, पण साल बघून.

हॅवलॉक रविवारी करावं, सोमवारी कामावर हजर राहण्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊन. तिथला राधानगरचा किनारा ‘टाइम’ने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवला होता आणि तो बघून तसं वाटतंही. पण समुद्र खवळला की परतीची बोट रद्द होते, आणि बोट रद्द झाल्याचा पुरावा कोणत्या खात्यात जोडायचा हे कुणालाच ठाऊक नसतं.

चुनखडीच्या गुहा पाहायला बाराटांगला जाऊ नये, असं माझं मत. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरल्या वेळीच वाहनांचा ताफा सुटतो आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. अख्खा दिवस मोडतो, हे एक. दुसरं महत्त्वाचं. वाटेत थांबणं, फोटो काढणं, जारवांशी संपर्क साधणं हा गुन्हा आहे, आणि तरीही गाडीतले अनेक जण चुनखडीच्या गुहांपेक्षा रस्त्याकडेलाच डोळे लावून बसतात. माणसांना बघायला तिकीट काढून जायचं, हे थट्टेतसुद्धा शिकवण्यासारखं नाही.

शंख-शिंपले आणि बिलं

शेजारच्या काकूंनी ‘एखादं पोवळं आण रे, किनाऱ्यावर पडलेलंच असतं’ असं सांगितलेलं असतं. पडलेलंच असतं, पण उचलायचं नसतं. पोवळी उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा बघतात. शंख घ्यायचाच तर परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसह. ती पावती चुकूनही प्रवासभत्त्याच्या बिलांत मिसळू देऊ नये.

बिलांत खरी डोकेदुखी आहे नावांची. २०१८च्या डिसेंबरात रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. २०२४च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअर श्री विजयपुरम झालं. आता लॉजच्या बिलावर एक नाव, विमानाच्या तिकिटावर दुसरं, रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं. हिशेबनीस विचारतो, ‘तू पोर्ट ब्लेअरला गेलास, मग श्री विजयपुरमला कुणाच्या परवानगीने?’ त्याच्यापुढे राजपत्राची प्रत ठेवावी. वाद घालू नये.

अहवालाचा नमुना पुढीलप्रमाणे :

‘दिनांक अमुक रोजी पोचलो. यंत्र उघडले. बेअरिंग खराब आढळले. पार्ट जहाजात असल्याने प्रतीक्षा केली. प्रतीक्षेच्या काळात जेट्टी परिसराची पाहणी केली. चॅथम येथे जुनी यंत्रे पाहिली. पार्ट प्राप्त. यंत्र सुरू. हवामान दमट. मूळ बोर्डिंग पास सोबत जोडले आहेत.’

यातला ‘हवामान दमट’ हा भाग वगळू नये. चेहरा रापून काळवंडल्याचं स्पष्टीकरण तोच देतो.

कंपनीत परतल्यावर पहिले दोन दिवस दमल्याचं दाखवावं. डास फार, जेवण यथातथा, उकाडा असह्य, असं चहाच्या टपरीवर सांगत राहावं. मासळीबद्दल मौन पाळावं. तिखट कालवणात बुडालेल्या तिथल्या खेकड्यांविषयी एखादा शब्द जरी निसटला, तरी सगळा आगरी विभाग पुढच्या दौऱ्यासाठी अर्ज घेऊन उभा राहील. आणि साहेबांना ‘पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठवा’ असं एकदा जरूर म्हणावं. एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं तर ते खरंच पाठवतात.