कॉट रिकामी ठेवायची नाही

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची ‘सोरोरिटी’ नावाची मंडळं असतात. मंडळाचं घर भरलेलं राहावं म्हणून सभासद मुलींनी ठरावीक काळ तिथे राहायचंच, असा अनेक ठिकाणी दंडक. अहिल्यानगरच्या सावेडीतल्या एखाद्या घरमालक काकूंना हे सांगा. म्हणतील, त्यात नवल ते काय?

प्रोफेसर कॉलनीपासून पाइपलाइन रोडपर्यंत ‘फक्त मुलींसाठी, कॉट बेसिस’. खोलीत चार कॉट. पाचवी दाराआड उभी असते, ॲडमिशन सुरू झाली की आडवी होते. “काकू, बाथरूमला रांग लागते.” “मग पाचला उठावं, अभ्यासही होतो.” पाथर्डी-शेवगावची मुलगी वर्षाच्या मध्येच निघाली, तर डिपॉझिटवर पाणी सोडायचं, नाहीतर बदली मुलगी आणून द्यायची. म्हणजे भाडेकरूच एजंट, तोही बिनकमिशनचा. दिवाळीला गावी गेली तरी भाडं चालूच. कॉटवर मात्र काकूंची भाची.

सरकारलाही मुक्काम लांबलेलाच आवडतो. जुलै 2024 पासून दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या वसतिगृह-भाड्यावर जीएसटी माफ, पण सलग 90 दिवस राहिलं तरच. काकूंकडे पावतीपुस्तकच नाही. त्यांची माफी पहिल्या दिवसापासून लागू.