एवढ्या पैशांत एकच सुई?

नांदेडात आमच्या तरोड्याकडं दोन घरांच्या मधली भिंत छातीएवढीच बांधतात, बातम्यांची सोय म्हणून. काल अलीकडं काकू तूर निवडत होत्या, पलीकडं वहिनी धुणं वाळत घालत होत्या.

"का ग, लातूरच्या दिराचं ऑपरेशन झालं म्हणं?"

"झालं की. १३२ किलो हो काकू! आधी दीक्षित डॉक्टरांसारखं दोनदाच जेवून बघितलं. चार महिने जमलं, मग लग्नसराई आली. २०१७ ला ती इजिप्तची इमान वजनाच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलात आलेली टीव्हीवर बघितली, तवापासून ऑपरेशनचं खूळ डोक्यात होतंच. आता जठर कापून नळीएवढं केलंय. पण आमच्या सासूबाई लई भडकल्यात."

"कामून?"

"एवढा पैसा ओतला आन् इन्फेक्शनचं इंजेक्शन एकच! तेबी कापायच्या आधी. घरी सोडताना व्हिटॅमिन, कॅल्शियम, सगळं दिलं, पण अँटिबायोटिकची एक गोळी नाही. हितं दाढ दुखली तरी पाच दिवसांचा कोर्स देतेत."

काकूंची भाची ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. त्यामुळं या विषयावर काकूंपुढं कुणी टिकत नाही.

"मग बरोबरच केलं की माय! जंतू शिरतो कापताना. सुरी लागायच्या आधी तासाभरात सुई दिली, की तवर औषध अंगात भिनलेलं असतं. ढोरं रान चरून गेल्यावर कुंपण घालून काय करतीस? त्यात चरबीत रक्त कमी फिरतं, औषधबी कमी पोचतं. म्हणून जाड माणसाला डोस वजन बघून. सेफाझोलिन सहसा २ ग्रॅम, १२० किलोच्या वर ३. ऑपरेशन ४ तासांच्या पुढं लांबलं तर आणखी एक. २४ तासांनंतर बहुतेक काहीच नाही."

"पण जखम?"

"चार-पाच भोकं तर हायत, दुर्बिणीची. साखर ताब्यात ठेवा, तंबाखू तोडा. केस काढायचेच असतील तर मशीननं काढतेत, वस्तऱ्यानं कातडी सोलवटती."

वहिनींनी चादर झटकली. आवाज खाली आला, म्हणजे खरी बातमी आता.

"सासूबाईंनी दुकानातून सात दिवसांचं पाकीट आणून चारलं हो त्यांना. दुसऱ्याच दिवशी ढाळ लागली."

"अग बया! त्या नळीत घोट-घोट पाणी मावतं, त्यात ढाळ? माणूस वाळून जाईल की. दवाखान्यात फोन केला?"

"केला. पाकीट बंद करायला लावलं, तपासायला बोलावलं. म्हणले, ताप आला, पोट दुखलं, नाडी जोरात पळाली, तर घरी थांबू नका. टाका गळत असला तर गोळीनं भागत नसतं."

त्या पाकिटाचं नाव मला कळलं नाही. पण सेफिक्झिमसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात; २०१४ पासून दुकानदारानं रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहायचं असतं.

"मग उरलेल्या गोळ्या?" काकू.

"सासूबाई परत द्यायला गेल्या. दुकानदार म्हणला, बिल दाखवा."

"आन् बिल?"

"चिठ्ठीच नव्हती, तर बिल कुठलं देतो काकू!"