मध्य भारत, मुक्काम पोस्ट पुणे

पन्नाशीच्या बाईने भिशी लावावी, भजनी मंडळात जावं, फार तर गुडघे धरून योगासनं करावीत. मी क्लाउड कॉम्प्युटिंग शिकायला बसले. कंपनीचे हिशेब क्लाउडवर गेले आणि वरून फर्मान निघालं, की अकाउंट्सवाल्यांनीसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या 'अझूर फंडामेंटल्स'चं, म्हणजे एझेड-900चं, सर्टिफिकेट घ्यावं. पहिलीच पायरी, कोडिंग नाही, हजारात सातशे मिळाले की पास. शिकवायला घरचाच मास्तर मिळाला: हिंजवडीत नोकरी करणारा, आणि म्हणूनच रात्री नवाच्या आत कधी न उगवणारा भाचा.

माझा पहिला प्रश्न ऑडिटरचा होता. "क्लाउड-बिउड ठीक आहे, पण माल ठेवलाय कुठे?"

"सेंट्रल इंडिया रीजनमध्ये, मावशी."

"म्हणजे नागपूरला?"

"नाही गं. पुण्यात."

मायक्रोसॉफ्टने 2015 साली भारतात तीन रीजन उघडले. मुंबईचं नाव ठेवलं वेस्ट इंडिया, चेन्नईचं साउथ इंडिया आणि पुण्याचं सेंट्रल इंडिया. झिरो माइलचा दगड इतकी वर्षं जपणाऱ्या नागपूरकरांना हे कुणी कळवलंय का, कोण जाणे. पुणेकरांना यात कळवण्यासारखं काही वाटणार नाही.

मग कॅपेक्स आणि ओपेक्स. सर्व्हर विकत घेतला तर भांडवली खर्च, भाड्याने वापरला तर महसुली. जिची हयात घसारा काढण्यात गेली, तिला हे पोरगं तासभर समजावत होतं. मी माना डोलावल्या. शिकवणाऱ्याचा हुरूप मोडू नये.

खरा रस मला बिलात आला. भाड्याने घेतलेलं मशीन आतून शट डाउन केलं तरी भाडं चालूच राहतं. पोर्टलवर जाऊन 'डीअॅलोकेट' करावं लागतं. तेही केलंत, तरी डिस्कचे पैसे वेगळे. इथे मला त्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच व्यावसायिक आदर वाटला. सेवा 99.9 टक्के वेळ चालू राहील असं वचन दिलं, तर महिन्याला साधारण 43 मिनिटं बंद पडायची मुभा असते. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' यावर पोसलेल्या माणसाला हे लाड वाटतात. आणि वचन मोडलं तर? रोख परत मिळत नाही, बिलात वळते करतात. क्रेडिट नोट! सगळं जग शेवटी आमच्याच टेबलावर येतं.

'शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी' हा धडा मात्र भाच्याने उघडला आणि मीच शिकवला, कारण मी सोसायटीची खजिनदार आहे. इमारत, वीज, दारावरचा पहारा, आतली यंत्रं हे सगळं क्लाउडवाल्याचं. तुमचा डेटा आणि किल्ल्या कुणाकुणाला दिल्यात ते कायम तुमचं. मधल्या गोष्टी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे, तुम्ही कोणती सेवा घेतलीत त्यावर ठरतात, आणि त्याचा चक्क तक्ता असतो. आमच्याकडे वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या बेडरूममध्ये उतरलं की स्लॅब कुणाचा, यावर वार्षिक सभा रात्री अकरापर्यंत चालते. असा तक्ता उपविधींमध्ये असता तर लोक वेळेवर जेवले असते.

सासूबाई हे सगळं जपमाळ ओढत ऐकत होत्या. एका रीजनवर संकट आलं तर डेटाची प्रत दुसरीकडे असावी, म्हणून रीजनच्या जोड्या लावतात आणि पुण्याची जोडी चेन्नईशी आहे, हे कानावर पडताच माळ थांबली. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत होत्या. मॅट्रिकचं सर्टिफिकेट ट्रंकेसकट वाहून गेलं. "आमच्या वडिलांना हे कुणी सांगितलं असतं तर!" म्हणाल्या. "चेन्नई राहू दे, कऱ्हाडला आत्याकडे ठेवलं असतं तरी चाललं असतं."

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर कागद नको, भिंतीवर काही लिहिलेलं दिसायला नको. कालनिर्णय उतरवलं, त्यावर दुधाचा महिन्याचा हिशेब होता आणि तो परीक्षकाला उपयोगी वाटला असता. दारावर पाटी लावली: 'आत परीक्षा चालू आहे. बेल वाजवू नये. कोणाची परीक्षा, हेही विचारू नये.' तरीही तिघांनी बेल वाजवून विचारलं. सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी तिघांनाही एझेड-900 म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं.

निकाल लगेच पडद्यावर आला. पास. सर्टिफिकेटही ऑनलाइनच मिळतं. मी आपली प्रिंट काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं.

"मुदत कधीपर्यंत?"

"याला मुदत नसते, आई. हे संपतच नाही."

"मग दोन प्रती काढ," त्या म्हणाल्या. "एक कऱ्हाडला पाठव."